चुनखडीचा हिशेब : संतुलित समीकरणावरून वजन काढण्याची रीत



घाटंजीहून पांढरकवड्यामार्गे वणीला गेले, की तेथून जवळच राजूर हे गाव लागते. या भागात जमिनीखाली कोळसा आहे आणि चुनखडीही आहे. दगड आणि जळण दोन्ही हाताशी असल्यामुळे तेथे चुन्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. अशा भट्टीत उत्तम प्रतीची, कोरडी चुनखडी शंभर किलो घातली व ती पूर्ण पोळली, तर बाहेर कळीचा चुना निघतो फक्त छप्पन किलो. मग चव्वेचाळीस किलो माल गेला कोठे? मजुराने लांबवला नाही, वाटेत सांडला नाही, की राख होऊन उडाला नाही. तो वायू होऊन हवेत गेला.

यात विशेष असे, की छप्पन आणि चव्वेचाळीस हे आकडे काढण्यासाठी भट्टी पाहावी लागत नाही. ज्याला रासायनिक समीकरण वाचता येते तो विद्यार्थी घरी बसून, पाठकोऱ्या कागदावर, हा हिशेब मांडू शकतो. ही रीत या लेखात सांगावयाची आहे. नववी-दहावीच्या विज्ञानात तिची तोंडओळख होते आणि अकरावी विज्ञानच्या रसायनशास्त्रात ती सुरुवातीच्या धड्यांत येते. आपली कितीतरी हुशार मुले-मुली येथेच अडखळतात. घरात विचारायला कोणी शिकलेले नसते, शिकवणी परवडत नाही, आणि ‘आपल्याला रसायन जमत नाही’ असा समज करून घेऊन मुले पुढे शाखाच बदलतात. वास्तविक या धड्यात सातवीतल्या त्रैराशिकापेक्षा अवघड गणित नाही. अडचण गणिताची नसून एका गैरसमजाची आहे, म्हणून आधी तो दूर करू.

(पाठ्यपुस्तकात सूत्रे इंग्रजी चिन्हांत असतात. येथे मी मुद्दाम पदार्थांची नावे लिहिली आहेत. नाव आणि आकडा यांचा मेळ एकदा बसला, की चिन्हे लिहिणे हा सवयीचा भाग आहे.)

समीकरणातले आकडे काय सांगतात?

एका नांगराला दोन बैल लागतात. हे समीकरणासारखे लिहू :

१ नांगर + २ बैल → १ चालू औत

या ओळीत १ आणि २ हे आकडे नगांचे आहेत. एक किलो नांगराला दोन किलो बैल असा अर्थ कोणीही घेणार नाही. पण तेच ‘हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू’ असे लिहिले, की परीक्षेत विद्यार्थी बिनदिक्कत दोन ग्रॅम हायड्रोजनला एक ग्रॅम ऑक्सिजन लावून मोकळा होतो! गैरसमज तो हाच. समीकरणातले सहगुणक कण मोजतात, वजन सांगत नाहीत. वजन हवे असेल तर प्रत्येक कणाचे वजन वेगळे पाहावे लागते. वरच्या उदाहरणात हायड्रोजनच्या एका रेणूचे वजन २ आणि ऑक्सिजनच्या एका रेणूचे ३२. म्हणून दोन रेणू हायड्रोजनचे ४ भाग, ऑक्सिजनचे ३२ भाग आणि पाण्याचे ३६ भाग. सहगुणकांचे प्रमाण दोनास एक असले तरी वजनाचे प्रमाण एकास आठ निघाले.

नांगराचे उदाहरण पुढेही कामास येईल, ते ध्यानात ठेवा.

अणू इतका लहान, की तो तराजूत टाकता येत नाही. म्हणून रसायनशास्त्राने एक मोठे माप ठरवले, त्यास मोल म्हणतात. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस, तसे मोल म्हणजे ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून ही संख्या जगभर नेमकी ठरवून दिलेली आहे. पण उदाहरण सोडवताना ती बहुधा लागतच नाही. लागते ते एवढेच : पदार्थाचे रेणुवस्तुमान जेवढे, तेवढे ग्रॅम म्हणजे त्या पदार्थाचा एक मोल. पाण्याचे रेणुवस्तुमान १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी. ग्रॅमऐवजी किलोग्रॅम घेतले तर एक किलोमोल. हिशेब तोच राहतो.

(शास्त्रात वस्तुमान आणि वजन यांत भेद आहे. बाजारात आपण दोन्हीला वजनच म्हणतो, आणि या लेखात तसे चालवून घेतले आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र ‘वस्तुमान’ लिहावे.)

भट्टीतला हिशेब

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यात कॅल्शियमचा एक अणू, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन. अणुवस्तुमाने अनुक्रमे ४०, १२ आणि १६. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला दगड फुटून त्याचे दोन पदार्थ होतात :

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साईड + कार्बन डायऑक्साईड

डाव्या बाजूला कॅल्शियम १, कार्बन १, ऑक्सिजन ३. उजवीकडे कळीच्या चुन्यात कॅल्शियम १ व ऑक्सिजन १, वायूत कार्बन १ व ऑक्सिजन २. अणूंची संख्या दोन्हीकडे जुळली, म्हणजे समीकरण संतुलित आहे. आता नावांखाली वजने लिहा :

४० + १२ + (३ × १६) = १००
४० + १६ = ५६
१२ + (२ × १६) = ४४

म्हणजे १०० → ५६ + ४४. डावी बाजू शंभर, उजवीही शंभर. ही बेरीज जुळली नाही तर पुढे एक पाऊलही टाकू नये. चूक अणू मोजण्यात आहे असे समजून परत मागे जावे. रसायनशास्त्राइतकी सोपी पडताळणी दुसऱ्या विषयात क्वचितच मिळते, पण विद्यार्थी तिचा फायदा घेत नाहीत.

या चव्वेचाळीस भागांचा इतिहासही मोठा आहे. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले, की असे पदार्थ तापविल्यावर वजनात जी घट येते ती त्यांतून निघून जाणाऱ्या एका वायूची असते. त्याने तराजूवर भिस्त ठेवली म्हणून हे उमगले. पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात वस्तुमान नष्ट होत नाही व नव्याने निर्माणही होत नाही, हे तत्त्व स्पष्ट मांडले. आपण समीकरण संतुलित करतो ते याच तत्त्वाला धरून.

आता त्रैराशिक. भट्टीत २५० किलो शुद्ध चुनखडी घातली, तर कळीचा चुना किती?

१०० किलो दगडास ५६ किलो चुना, तर २५० किलोस (५६ × २५०) ÷ १०० = १४० किलो. वायू (४४ × २५०) ÷ १०० = ११० किलो. पडताळा : १४० + ११० = २५०.

पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बहुधा येथे थांबतात. पण भट्टीतला दगड शंभर टक्के शुद्ध कधीच नसतो. त्यात वाळू, माती, इतर खनिजे असतात. समजा शुद्धता ९० टक्के आहे आणि उरलेला भाग तापूनही तसाच राहतो. २५० किलो दगडात कॅल्शियम कार्बोनेट २२५ किलो. त्यापासून चुना १२६ किलो, वायू ९९ किलो. शिवाय २५ किलो निरुपयोगी भाग चुन्याबरोबरच बाहेर येणार. तराजूवर एकूण माल भरेल १५१ किलो.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शुद्ध दगडापासून १४० किलो माल निघाला आणि तो सर्व चुना होता. भेसळीच्या दगडापासून माल निघाला १५१ किलो, म्हणजे अकरा किलो जास्त, पण त्यात चुना मात्र चौदा किलो कमी! नुसत्या वजनावर खूश होणारा ग्राहक येथे फसतो.

दुसरा दोष कच्च्या भाजणीचा. दगड शुद्ध आहे, पण आच कमी पडली आणि मोठ्या दगडांचा गाभा तसाच राहिला. २५० किलो घातले आणि बाहेर १६२ किलो निघाले असे समजा. घट ८८ किलो. ही घट वायूची. ४४ किलो वायू निघायला १०० किलो दगड फुटावा लागतो, म्हणून ८८ किलो वायू निघायला २०० किलो दगड फुटला असला पाहिजे. तेव्हा चुना तयार झाला ११२ किलो आणि ५० किलो दगड कच्चाच राहिला. पाहा, भट्टीच्या पोटात न शिरता आत किती पोळले हे आपण घटीवरून काढले. समीकरण डावीकडून उजवीकडे जसे वाचता येते तसे उजवीकडून डावीकडेही वाचता येते. (दगड ओला असेल तर पाण्याची घट आधी वजा करावी लागेल. आणि अशुद्धता व कच्ची भाजणी हे दोन्ही दोष एकदम असतील, तर शुद्धता आधी माहीत असल्याशिवाय केवळ वजनावरून ते वेगळे करता येणार नाहीत.)

मजुराच्या दृष्टीनेही या हिशेबाला मोल आहे, आणि येथे मोल म्हणजे किंमत! शंभर किलो दगड मोजून दिला आणि साठच किलो परत आला, म्हणून कामगाराकडे संशयाने पाहणाऱ्याला हिशेब मांडून दाखवता आला पाहिजे. अक्षरओळख नसेल तर माणूस कागदावर फसतो आणि आकडा येत नसेल तर तराजूवर.

त्या ४४ किलो वायूबद्दल आणखी एक गोष्ट. भट्टीत कोळसाही जळतो. १२ किलो कार्बन ३२ किलो ऑक्सिजन घेऊन ४४ किलो कार्बन डायऑक्साईड देतो. म्हणजे दगडाचा वायू आणि जळणाचा वायू असे दोन्ही मिळून निघतात. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने खोलगट जागी साचू शकतो. हवा कमी पडली तर कोळशापासून विषारी कार्बन मोनॉक्साईडही तयार होतो, आणि त्याला वास नसतो. हिवाळ्यात उबेसाठी भट्टीच्या तोंडाशी किंवा खड्ड्यात झोपणे म्हणूनच जिवावर बेतते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा धोकाही असाच आहे.

चुना विरवला, भिंतीला लागला

कळीच्या चुन्यात पाणी घातले की तो फुगतो, तापतो, फसफसतो. आपण त्याला चुना विरवणे म्हणतो.

कॅल्शियम ऑक्साईड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साईड
५६ + १८ → ७४

५६ किलो कळीला १८ किलो पाणी लागते ते फक्त अभिक्रियेपुरते. प्रत्यक्षात बरेच पाणी वाफ होऊन जाते आणि पांढरी मारण्याजोगा पातळ चुना हवा असेल तर पाणी कितीतरी जास्त घालावे लागते. (हे काम लहान मुलांकडे देऊ नये. उकळता चुना डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. उडालाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि दवाखाना गाठावा.)

याच समीकरणाचा व्यवहारातला एक उपयोग पाहा. पावसाळ्यात कळीचा चुना उघड्या पोत्यात राहिला, तर तो हवेतले बाष्प ओढून घेतो. ५६ किलोचे पोते पूर्ण विरले तर ७४ किलो भरेल. कॅल्शियम तेवढाच, ४० किलो. वाढलेले १८ किलो हे पाणी आहे, आणि ग्राहक त्याचे पैसे चुन्याच्या भावाने मोजतो.

शेवटी हा चुना विहाराच्या किंवा घराच्या भिंतीला लागतो. दोन-चार दिवसांत तो घट्ट होतो, याचे कारण नुसते वाळणे नव्हे. हवेतला कार्बन डायऑक्साईड तो पुन्हा घेत असतो :

कॅल्शियम हायड्रॉक्साईड + कार्बन डायऑक्साईड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी
७४ + ४४ → १०० + १८

भट्टीतून जे ४४ गेले होते ते परत आले, विरवताना जे १८ घातले होते ते निघून गेले, आणि भिंतीवर पुन्हा शंभर किलो चुनखडीच उभी राहिली. तीन समीकरणे, पण खातेवही एकच. विद्यार्थ्यांनी ही तिन्ही एकाखाली एक लिहून बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहावी. एवढे एक चक्र समजले तर अर्धा धडा समजला.

कमी पडणारा पदार्थ

आता नांगराकडे येऊ. शेतात ५ नांगर आहेत आणि ८ बैल. औते किती चालतील? चारच. पाचवा नांगर बांधावर पडून राहील. नांगरांची संख्या पाहून ‘पाच’ म्हणणारा चुकला, कारण काम बैलांपाशी अडले. रसायनात असा आधी संपणारा पदार्थ शोधावा लागतो, आणि परीक्षेतले चार गुणांचे उदाहरण हमखास येथेच असते.

प्रयोगशाळेत संगमरवराच्या तुकड्यांवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून कार्बन डायऑक्साईड तयार करतात. संगमरवर हेही कॅल्शियम कार्बोनेटच.

कॅल्शियम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराईड + पाणी + कार्बन डायऑक्साईड

आम्लाचे रेणुवस्तुमान १ + ३५.५ = ३६.५. दोन रेणू लागतात म्हणून ७३. कॅल्शियम क्लोराईड ४० + ७१ = १११. तेव्हा १०० + ७३ → १११ + १८ + ४४. दोन्ही बाजू १७३.

समजा २५ ग्रॅम संगमरवर आणि १४.६ ग्रॅम आम्ल आहे (आम्ल म्हणजे द्रावणातले शुद्ध आम्ल, पाणी सोडून). वायू किती मिळेल? मोल काढा. संगमरवर २५ ÷ १०० = ०.२५ मोल. आम्ल १४.६ ÷ ३६.५ = ०.४ मोल. ०.२५ मोल दगडाला ०.५ मोल आम्ल हवे, आपल्याकडे ०.४ च आहे. म्हणजे बैल कमी पडले. ०.४ मोल आम्ल ०.२ मोल दगडाला पुरेल, म्हणून वायू ०.२ मोल, म्हणजे ०.२ × ४४ = ८.८ ग्रॅम. दगड २० ग्रॅम संपला, ५ ग्रॅम उरला. आम्ल वजनाने दगडापेक्षा कमी म्हणून ते आधी संपले, असे मात्र समजू नका. २० ग्रॅम आम्ल असते, तर तेही वजनाने दगडापेक्षा कमीच, पण तेव्हा दगड आधी संपला असता. ग्रॅमची ग्रॅमशी तुलना करू नये, मोलची सहगुणकाशी करावी.

शहाबादी फरशी हाही चुनखडीचाच प्रकार. तिच्यावर संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड ओतले की फेस येतो, आणि आपल्याला वाटते घाण निघाली. त्या फेसाबरोबर फरशी जात असते, ७३ ग्रॅम आम्लामागे १०० ग्रॅम.

युरियाचे पोते

आपला तालुका कापसाचा, म्हणून एक उदाहरण शेतातले. रायगड जिल्ह्यातील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा मोठा कारखाना आहे. युरिया बनतो तो असा :

२ अमोनिया + कार्बन डायऑक्साईड → युरिया + पाणी
३४ + ४४ → ६० + १८

युरियाच्या ६० भागांत नायट्रोजनचे अणू दोन, म्हणजे २८ भाग. २८ ÷ ६० म्हणजे ४६.६७ टक्के. पोत्यावर ४६ टक्के छापलेले असते ते यामुळेच. पूर्वी पोते ५० किलोचे होते, २०१८ पासून ४५ किलोचे झाले. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांप्रमाणे नायट्रोजन २०.७ किलो. शेतकऱ्याला एकरी नत्र किती द्यायचे ते कृषी खाते किलोत सांगते, पोत्यांत नाही. हा भागाकार ज्याला येतो तो जास्तीचे पोते टाकत नाही. आणि जास्तीच्या नत्राने कपाशी नुसती माजते, बोंडे कमी लागतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

सरावासाठी तीन उदाहरणे देतो. आधी स्वतः सोडवावीत, मगच उत्तरे पाहावीत.

पहिले : ८४ टक्के शुद्धतेची ५०० किलो चुनखडी पूर्ण पोळली. कळीचा चुना किती? भट्टीतून एकूण माल किती?

दुसरे : भिंतीवर १४.८ किलो विरलेला चुना (पाणी सोडून) लागला. तो पूर्ण घट्ट होताना हवेतला किती वायू घेईल आणि किती पाणी सोडेल?

तिसरे : घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात ब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते, पण सोयीसाठी सगळा ब्युटेन माना. ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे ४ व हायड्रोजनचे १० अणू. ब्युटेनच्या २ रेणूंना ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात, आणि कार्बन डायऑक्साईडचे ८ व पाण्याचे १० रेणू तयार होतात. एक सिलिंडर संपेपर्यंत किती ऑक्सिजन लागेल?

उत्तरे : (१) चुना २३५.२ किलो, एकूण माल ३१५.२ किलो. (२) वायू ८.८ किलो, पाणी ३.६ किलो. (३) ११६ + ४१६ → ३५२ + १८० या प्रमाणावरून सुमारे ५१ किलो ऑक्सिजन. म्हणजे गॅसच्या वजनाच्या साडेतीन पटींहून जास्त, आणि तो सगळा स्वयंपाकघराच्या हवेतून यायचा असतो. तेव्हा चूल पेटली असताना खिडकी उघडी ठेवावी.